समान वेतनाचा कायदा आला. पण हजेरीपट कोणाचा?

सकाळी साडेसहाच्या सुमारास महाराष्ट्रातल्या कोणत्याही मोठ्या शहरात सफाई कामगारांच्या हजेरी चौकीसमोर थोडा वेळ उभे राहा. बऱ्याच ठिकाणी दोन प्रकारचे कामगार दिसतील. हातात तेच झाडू, तीच ढकलगाडी, जायचे त्याच गल्लीत. पण एकाचा पगार महापालिका देते आणि दुसऱ्याचा ठेकेदार. पहिल्याला महागाई भत्ता, भरपगारी रजा, पगारवाढ आणि निवृत्तीपर्यंत नोकरीची खात्री. दुसऱ्याला मिळालेच तर किमान वेतन, आणि तेही निविदा संपेपर्यंत. दोन्हीकडे बहुसंख्येने आपलीच माणसे असतात. बाप पहिल्या प्रकारात होता, मुलगी दुसऱ्या प्रकारात आहे, एवढाच काय तो पिढीचा फरक.

देशात नवे कामगार कायदे लागू झाले आहेत. त्यांची चर्चा टीव्हीवर उद्योगपती, अर्थतज्ज्ञ आणि मोठ्या कामगार संघटनांचे नेते करतात. आपण ती चर्चा या हजेरी चौकीसमोर उभे राहून करायला हवी. कारण या कायद्यांत समान वेतनाचे कलम आहे आणि सामूहिक वाटाघाटीचा हक्कही आहे. प्रश्न एवढाच आहे की या दोन्ही हक्कांच्या दारातून ठेकेदाराकडचा कामगार आत जाऊ शकतो का?

काय बदलले?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारने चार कामगार संहिता लागू केल्या. वेतन संहिता २०१९ ची आहे. औद्योगिक संबंध संहिता, सामाजिक सुरक्षा संहिता आणि व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहिता या तीन २०२० च्या आहेत. केंद्राचे २९ जुने कायदे या चार संहितांत सामावले गेले. त्यात १९२६ चा कामगार संघटना कायदा आहे, १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा आहे, १९४८ चा किमान वेतन कायदा आहे, १९७० चा कंत्राटी कामगार कायदा आहे आणि १९७६ चा समान मोबदला कायदाही आहे.

जे चांगले आहे ते चांगले म्हटले पाहिजे. किमान वेतनाचा जुना कायदा फक्त अनुसूचीत नोंदलेल्या उद्योगांना लागू होता. वेतन संहितेने तो हक्क सर्व कामगारांना दिला, आणि केंद्र सरकार जे तळवेतन ठरवेल त्याच्या खाली कोणत्याही राज्याला जाता येणार नाही असे सांगितले. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे बंधनकारक झाले. ज्या माणसाने पंधरा वर्षे काम करूनही आपण कामाला होतो याचा एक कागद पाहिलेला नाही, त्याला या कागदाची किंमत वेगळी सांगायला नको. मुदतीच्या करारावर घेतलेल्या कामगाराला कायम कामगाराइतकेच वेतन व लाभ आणि एक वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटी, हीदेखील नवी तरतूद आहे.

दुसरी बाजूही आहे. कामगार कपातीसाठी किंवा कारखाना बंद करण्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी घेण्याची अट केंद्रीय कायद्यात १०० कामगारांच्या कारखान्याला होती, ती आता ३०० वर गेली. कंत्राटी कामगारांचा कायदा २० कामगारांपासून लागू होत असे, आता ५० पासून लागू होतो. म्हणजे ४५ माणसांचा ठेकेदार या संरक्षणातून सुटला. सरकार म्हणते की त्यामुळे उद्योग वाढतील आणि नोकऱ्या तयार होतील. बहुतेक केंद्रीय कामगार संघटना म्हणतात की आहेत त्या नोकऱ्याच ठेक्यावर जातील. म्हणूनच संविधान दिनी, २६ नोव्हेंबरला, देशभर त्यांनी या संहितांविरुद्ध निदर्शने केली. भारतीय मजदूर संघाने मात्र लागू करण्याच्या निर्णयाचे स्वागत केले.

समान, पण कोणाशी?

संविधानाच्या अनुच्छेद ३९ मध्ये स्त्री-पुरुषांना समान कामासाठी समान वेतन हे राज्याच्या धोरणाचे तत्त्व म्हणून लिहिलेले आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या समान मोबदल्याच्या कराराला (क्रमांक १००) भारताने १९५८ मध्येच मान्यता दिली. १९७६ चा कायदा त्यानंतर आला. नव्या वेतन संहितेच्या कलम ३ मध्ये ‘स्त्री-पुरुष’ ऐवजी ‘लिंग’ हा शब्द आला, त्यामुळे तृतीयपंथी कामगारही त्यात येतात. हे पुढचे पाऊल आहे.

पण कलम नीट वाचले तर त्याच्या मर्यादाही दिसतात. तुलना करायची ती एकाच आस्थापनेत, एकाच मालकाकडे, त्याच किंवा त्याच स्वरूपाच्या कामासाठी, आणि भेदभाव सिद्ध करायचा तो फक्त लिंगाच्या आधारावर. काम ‘त्याच स्वरूपाचे’ आहे की नाही हे ठरवताना कौशल्य, श्रम आणि जबाबदारी यांच्या जोडीला आता ‘अनुभव’ हाही निकष आला आहे. बाळंतपणासाठी किंवा घरातल्या आजारपणासाठी मध्येच काम सोडावे लागलेल्या बाईचा अनुभव कागदावर कमीच भरणार, हे समजायला कायद्याची पदवी लागत नाही.

या कलमाने काही मिळत नाही असे नाही. मुंबईच्या मॅकिनन मॅकेंझी कंपनीत महिला स्टेनोग्राफरना पुरुष स्टेनोग्राफरपेक्षा कमी पगार मिळत होता. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो भेदभाव ठरवला. कंपनीने सांगितले होते की हा पगार कामगार संघटनेबरोबर झालेल्या करारानुसारच आहे. न्यायालयाने ते ऐकले नाही. कंपनीची आर्थिक स्थिती नाजूक आहे ही सबबही ऐकली नाही. या निकालातून एक धडा कायमचा घ्यावा असा आहे. संघटनेने सही केलेला करारही अन्यायाचा असू शकतो. वाटाघाटीच्या टेबलावर ज्यांचे कोणी बसलेले नसते, त्यांच्या वाट्याला काय येते ते त्या करारात दिसते.

आता हेच कलम हजेरी चौकीवर लावून बघा. ठेकेदाराकडे झाडूकाम करणारी बाई म्हणते, शेजारी काम करणाऱ्या पालिकेच्या कामगाराला माझ्या कितीतरी पट पगार आहे. कायदा विचारतो, तुमचा मालक एकच आहे का? ती म्हणते, नाही, माझा मालक ठेकेदार आहे. कायदा पुन्हा विचारतो, ठेकेदाराकडच्या पुरुषांना तुमच्यापेक्षा जास्त मिळते का? ती म्हणते, नाही, आम्हा सगळ्यांना सारखेच कमी मिळते. मग कलम ३ चा भंग झालेला नाही. सगळ्यांना सारखेच कमी देणे या कलमात बसते.

विणकाम खात्यापासून ठेक्यापर्यंत

वेतनातली विषमता अशीही निर्माण करता येते हे बाबासाहेबांनी जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात पगार चांगला होता. त्या खात्यात अस्पृश्य कामगारांना घेत नसत. कारण सांगितले जाई की धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, त्यामुळे विटाळ होतो. आपली माणसे कमी पगाराच्या खात्यांत राहिली. तिथे त्या खात्यातल्या दराने सर्वांना सारखीच मजुरी होती. म्हणजे ‘समान कामाला समान दाम’ हे तत्त्व कागदावर मोडलेच नव्हते. मोडली होती ती त्या कामापर्यंत जाण्याची वाट.

१९२८ च्या मोठ्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. विणकाम खाते आमच्या माणसांना खुले करण्याची मागणी तुम्ही मांडणार नसाल, तर आमच्या माणसांनी तुमच्या संपात का उतरावे, असा तो रोखठोक सवाल होता. पुढाऱ्यांनी नाखुशीने मागणी मांडली. मालक म्हणाले, ही बंदी आम्ही घातलेली नाही. ते खोटेही नव्हते, कारण बंदी सहकामगारांनीच पाळली होती.

आज विणकाम खाते नाही. त्या जागी ठेका आला आहे. कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही की ठेक्यावर अनुसूचित जातीच्याच माणसांनी काम करावे. पण गटारे आणि सेप्टिक टाक्या साफ करणाऱ्या कामगारांची केंद्राच्या ‘नमस्ते’ योजनेत नोंदणी झाली, तेव्हा २०२४ च्या अखेरीस संसदेत दिलेल्या आकडेवारीनुसार ५४,५७४ पैकी ३७,०६० कामगार अनुसूचित जातींचे निघाले. हे प्रमाण सुमारे ६८ टक्के आहे. देशाच्या लोकसंख्येत अनुसूचित जातींचा वाटा २०११ च्या जनगणनेनुसार १६.६ टक्के आहे. हा योगायोग नव्हे.

यात आणखी एक गोष्ट हातून जाते. कायम पद भरताना बिंदुनामावली लागते, आरक्षण लागते. ठेकेदाराने पुरवलेल्या मनुष्यबळाला ते लागत नाही. त्यामुळे वरच्या पदांवरची आपली जागा ठेका पद्धतीने आपोआप कमी होते आणि खालच्या कामांत आपली संख्या तेवढीच राहते. महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये बाह्य संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय काढला, तेव्हा तरुण रस्त्यावर उतरले ते याच भीतीने. ऑक्टोबरमध्ये सरकारला तो मागे घ्यावा लागला. संघटित दबाव चालतो, हे त्यातून दिसले. पण तो दबाव सुशिक्षित उमेदवारांचा होता. झाडूवाल्या बाईचा ठेका रद्द करायला तेवढी गर्दी कधी जमली नाही, हेही आपण आपल्याशी मान्य केले पाहिजे.

वाटाघाटीला कोण बसणार?

समान वेतन कलमाने मिळत नसेल तर ते वाटाघाटीने मिळवावे लागते. इथे औद्योगिक संबंध संहितेकडे वळू.

मालकाने कामगार संघटनेला मान्यता द्यावी अशी केंद्रीय कायद्यात सक्ती नव्हती. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कामगार संघटनांना सक्तीने मान्यता देण्याचे दुरुस्ती विधेयक त्यांनी १९४३ मध्ये केंद्रीय विधिमंडळात मांडले. पुढे १९४७ मध्ये तशी दुरुस्ती मंजूर झाली, पण ती कधी अमलात आणलीच गेली नाही. त्या अर्थाने आता प्रथमच देशपातळीच्या कायद्यात मान्यतेची पद्धत आली आहे. महाराष्ट्रात मान्यताप्राप्त संघटनेचा स्वतंत्र कायदा १९७१ पासून आहे, आणि त्यात किमान ३० टक्के सभासदत्वाची अट आहे.

नव्या संहितेत असे आहे. आस्थापनेत अनेक संघटना असतील तर हजेरीपटावरील ५१ टक्के किंवा अधिक कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना एकटीने वाटाघाटी करील. तेवढा पाठिंबा कोणालाच नसेल तर वाटाघाटी परिषद बनेल, आणि २० टक्के पाठिंबा असलेल्या संघटनांचे प्रतिनिधी त्यात बसतील. अनेक संघटनांत विभागलेल्या कामगारांना एकत्र आणायला ही परिषद उपयोगी पडू शकते. पण २० टक्क्यांखालच्या संघटनेला त्या टेबलावर खुर्ची नाही. एखाद्या आस्थापनेत सफाई खात्यातले कामगार १५ टक्के असतील आणि त्यांनी वेगळी संघटना केली असेल, तर त्यांचे म्हणणे इतरांनीच मांडायचे. आणि इतर ते मांडतीलच याची खात्री १९२८ मध्येही नव्हती.

चुकीच्या संघटनेच्या हाती मान्यता अडकली तर काय होते, हे गिरणगावाने पाहिले आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार दत्ता सामंतांच्या मागे होते, पण कायद्याने मान्यता होती ती राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. मालक आणि सरकार कायद्याकडे बोट दाखवत राहिले. त्या संपाने गिरण्याही गेल्या आणि लालबाग-परळ आणि वरळी-नायगावच्या चाळींतली आपली हजारो कुटुंबेही उद्ध्वस्त झाली.

आता ‘हजेरीपट’ या शब्दाकडे पुन्हा पाहा. टक्केवारी मोजायची ती आस्थापनेच्या हजेरीपटावरील कामगारांची. ठेक्यावरचा कामगार ठेकेदाराच्या हजेरीपटावर असतो, पालिकेच्या नव्हे. त्याने पालिकेशी वाटाघाटी करायला जावे तर तो तिथे मोजलाच जात नाही. ठेकेदाराशी कराव्यात तर ठेकेदार म्हणतो, माझा दर निविदेत ठरलेला आहे, मी कुठून वाढवू? शिवाय पुढच्या वर्षी ठेकेदारच बदलतो, आणि संघटनेच्या पुढाऱ्यांना नवा ठेकेदार कामावर घेत नाही. ज्याच्या हातात पैसा आहे त्याच्याशी बोलायचा हक्क नाही, आणि ज्याच्याशी बोलायचा हक्क आहे त्याच्या हातात काही नाही.

नव्या मुदतीच्या करारातही हीच अडचण दुसऱ्या वाटेने येते. वेतन समान आहे, हे खरे. पण मुदत संपली की नोकरी संपते, आणि ती कायद्याने कामगार कपात धरली जात नाही. करार पुन्हा होईल की नाही या काळजीत असलेला माणूस संघटनेची वर्गणी भरताना दहा वेळा विचार करतो.

संपाचा हक्क आणि १९३८

वाटाघाटीला वजन येते ते संप करता येतो म्हणून. जुन्या कायद्यात संपाची पूर्वसूचना फक्त सार्वजनिक उपयुक्त सेवांना लागत होती. आता ती सर्व औद्योगिक आस्थापनांना लागते. नोटीस दिल्यावर १४ दिवस संप करता येत नाही. समेटाची बोलणी सुरू असतानाही नाही आणि ती संपल्यावर ७ दिवस नाही. न्यायाधिकरणात प्रकरण असताना नाही आणि त्यानंतर ६० दिवस नाही. निम्म्या किंवा अधिक कामगारांनी एकाच वेळी किरकोळ रजा टाकली तर तोही संपच. बेकायदा संपात उतरलेल्या कामगाराला १ हजार ते १० हजार रुपये दंड किंवा एक महिन्यापर्यंत कैद किंवा दोन्ही. संपाला चिथावणी देणाऱ्याला किंवा मदत करणाऱ्याला ५० हजारांपर्यंत दंड.

महिन्याला बारा-पंधरा हजार मिळवणाऱ्या माणसाला दहा हजारांचा दंड म्हणजे काय, हे घर चालवणाऱ्या कोणालाही कळेल.

१९३८ मध्ये मुंबई प्रांताच्या काँग्रेस सरकारने औद्योगिक विवाद विधेयक आणले, तेव्हा त्यातही समेटाची सक्ती आणि बेकायदा संपाला शिक्षा होती. स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून बाबासाहेबांनी विधिमंडळात त्याला कडाडून विरोध केला. त्यांच्या मांडणीचा गाभा असा होता: संप म्हणजे फार तर नोकरीच्या कराराचा भंग, तो दिवाणी प्रश्न आहे, गुन्हा नव्हे. माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध काम करायला लावण्यासाठी शिक्षेची भीती घालणे म्हणजे त्याला गुलाम करणे. ७ नोव्हेंबर १९३८ ला या विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला. ज्या कम्युनिस्ट पुढाऱ्यांशी दहा वर्षांपूर्वी विणकाम खात्यावरून वाद झाला होता, त्यांच्याच बरोबर बाबासाहेब त्या दिवशी उभे होते.

या दोन घटना एकत्र वाचायला हव्यात. १९२८ मध्ये त्यांनी कामगार चळवळीला तिच्यातली जात दाखवली, आणि १९३८ मध्ये कामगाराचा हक्क धोक्यात आला तेव्हा जुना राग मनात न धरता ते चळवळीबरोबर गेले. जातीचा प्रश्न सोडून वर्गाचा लढा नाही, आणि वर्गाचा लढा टाळून जातीचा प्रश्न सुटत नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू त्यांनी सांगितले, ते याच अर्थाने.

कायद्यातली जागा कुठे आहे?

नव्या संहितेत आपल्यासाठी सगळीच दारे बंद आहेत असे नाही. दोन ठिकाणी पाय रोवायला जागा आहे.

पहिली जागा ‘मुख्य काम’ या शब्दांत आहे. आस्थापनेच्या मुख्य कामासाठी कंत्राटी कामगार लावायला नव्या संहितेने मनाई केली आहे. मात्र लगेच एक यादी दिली आहे. सफाई आणि कचरा उचलणे, पहारा, उपाहारगृह, हमाली, बागकाम, धुलाई ही कामे मुख्य काम धरायची नाहीत. यादी वाचताना लक्षात येते की यातली बरीचशी कामे पिढ्यान् पिढ्या कोणाच्या वाट्याला आली. पण त्याच यादीला एक अट जोडलेली आहे: आस्थापना त्याच कामासाठी स्थापन झालेली नसेल तर. कापड गिरणीसाठी सफाई हे मुख्य काम नाही, हे समजू शकते. महापालिकेसाठी? १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यातच रस्ते झाडणे आणि कचरा उचलणे हे पालिकेचे बंधनकारक कर्तव्य म्हणून लिहिलेले आहे. मग शहर स्वच्छ ठेवणे हे पालिकेचे मुख्य काम नाही, तर काय आहे? हा युक्तिवाद आपल्या वकिलांनी आणि संघटनांनी जोर लावून मांडायला हवा. प्रशासन उत्तर देईल की हे काम नेहमी ठेक्यानेच होत आले आहे, आणि तशा कामाला संहितेत सूट आहे. म्हणून ते काम पूर्वी कायम कामगार करत होते याचे कागद, जुनी हजेरीपत्रके आणि मंजूर पदांचे तक्ते आतापासून जमवून ठेवले पाहिजेत.

दुसरी जागा नियमांत आहे. जुन्या कंत्राटी कामगार कायद्याखालच्या केंद्राच्या १९७१ च्या नियमांत एक मोलाची अट होती. कंत्राटी कामगार मूळ मालकाच्या कामगारासारखेच काम करत असेल तर त्याचे वेतन आणि सेवाशर्ती सारख्याच हव्यात. ही अट कायद्यात नव्हे, नियमांत होती; म्हणून नवे नियम होताना ती गुपचूप गळून पडू शकते. राज्य सरकारने आपल्या नियमांत ती स्पष्ट शब्दांत लिहावी, ही मागणी आपल्या प्रत्येक आमदाराच्या हाती लेखी जायला हवी.

न्यायालयातही काही आधार आहेत. २०१६ मध्ये पंजाबच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कायम कर्मचाऱ्यासारखेच काम करणाऱ्या शासनाच्या तात्पुरत्या कर्मचाऱ्यांना निदान त्या पदाच्या वेतनश्रेणीचे किमान वेतन मिळाले पाहिजे. २०१७ मध्ये मुंबई महापालिकेच्या सुमारे २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा औद्योगिक न्यायाधिकरणाचा निवाडा सर्वोच्च न्यायालयात टिकला. कचरा वाहतूक श्रमिक संघाच्या दीर्घ लढ्याचे ते फळ होते. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय जल आयोगात वर्षानुवर्षे सफाई आणि बागकाम करणाऱ्या कामगारांना सेवेत नियमित करण्याचा आदेश झाला. मात्र ठेकेदारामार्फत आलेल्या कामगाराला असा न्याय मिळवणे फार अवघड जाते. ठेका नावापुरता आहे, खरी मालकी पालिकेचीच आहे, हे पुराव्याने सिद्ध करावे लागते, आणि त्यात कामगाराचे अर्धे आयुष्य जाते.

आपल्या हातात काय आहे?

पहिले काम कागदाचे. नेमणूकपत्र मागा, पगारपावती मागा, पीएफ आणि ईएसआयचा क्रमांक मागा. आता नेमणूकपत्र हा कायद्याने दिलेला हक्क आहे. मुकादमाने कोणत्या तारखेला कुठे काम दिले याची वही ठेवा. उद्या न्यायाधिकरणात हीच वही बोलेल. वस्तीतल्या विहारात आपण स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका चालवतो. आठवड्यातून एक संध्याकाळ तिथेच कामगारांची कागदपत्रे तपासायला बसवली, तर शिकलेल्या मुलांच्या शिक्षणाचे चीज होईल.

दुसरे काम संघटनेचे. आपल्या अनेक कर्मचारी संघटना कायम कर्मचाऱ्यांच्या आहेत. बढती, बिंदुनामावली, अनुशेष यांवर त्या चांगले लढतात. पण त्याच कार्यालयात फरशी पुसणारी बाई त्यांची सभासद नसते. घटनेत दुरुस्ती करून कंत्राटी कामगारांना सभासदत्व द्या, आणि कार्यकारिणीत बायकांना जागा द्या. मोठ्या कामगार संघटनांत असाल तर मागणीपत्रात ठेका कामगारांच्या समान वेतनाची मागणी पहिल्या पाचांत आहे का ते विचारा. नसेल तर १९२८ चा प्रश्न पुन्हा विचारा.

तिसरे काम निविदेचे. ठेकेदाराचा दर ज्या कागदावर ठरतो ती निविदा लोकप्रतिनिधींसमोर येते. आपल्या नगरसेवकांनी तिथे विचारावे की मजुरीचा दर काय धरला आहे, ठेकेदार बदलला तरी कामगार तेच राहतील अशी अट आहे का. वाटाघाटीचे खरे टेबल तिथे आहे, आणि तिथे आपण मतदार म्हणून आधीच बसलेलो आहोत.

१९४४ मध्ये केंद्रीय विधिमंडळात कोळसा खाणींतल्या स्त्रियांच्या प्रश्नावर चर्चा चालू होती. स्त्री म्हणून मजुरी कमी न ठरवता समान कामाला समान मजुरी हे तत्त्व तिथे लागू केल्याचे बाबासाहेबांनी सरकारच्या वतीने सांगितले होते. संविधान लिहिले जाण्याच्याही आधीची ही गोष्ट. ते तत्त्व आज संहितेच्या कलमात छापलेले आहे. पण खाणीत उतरणारी ती बाई निदान खाणीच्या कामगारांत मोजली जात होती. आज पहाटे चौकीवर उभी असलेली बाई ज्या शहराची सफाई करते, त्या शहराच्या हजेरीपटावर तिचे नाव नाही. समान वेतनाचा आपला लढा तिचे नाव त्या पटावर चढवण्यापासून सुरू होतो.